बचत ताटातून नको, गळतीतून करा

महिन्याची वीस-बावीस तारीख उलटली की वस्तीतल्या कितीतरी घरांत डाळ पातळ होते, भाजी बटाट्यावर येते आणि अंडी बंद होतात. चहा-साखर मात्र चालू राहते. पोरांच्या हातातली पाच-दहा रुपयांची पुडीही चालू राहते. म्हणजे काटकसर होते ती नेमकी अंगाला लागणाऱ्या अन्नात. याचा परिणाम रक्तात दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयाने ग्रासलेली आहेत. महागाई आपल्या हातात नाही, हे खरे. पण आहे त्या पैशात घर नीट जेवू शकते. त्यासाठी आधी पैसा कुठे गळतो ते बघू.

पैसा कुठे गळतो?

पहिली गळती पुड्यांची. दोन मुलांना रोज दहा-दहा रुपयांची कुरकुरीत पुडी दिली तर महिन्याला ६०० रुपये होतात. अंडे आठ रुपयांना धरले तरी तेवढ्यात ७५ अंडी येतात. पुडीत मैदा, तेल आणि मीठ. वर भूक मरते ती वेगळीच. मुलांना खिशात फुटाणे-शेंगदाणे द्या. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. अगदी लहान पोरांना मात्र अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात. कूट करून द्या.

दुसरी गळती चहा-बिस्किटाच्या न्याहारीची. पोट भरल्यासारखे वाटते, पण अंगाला काही लागत नाही. शिवाय जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातले लोह शरीराला नीट मिळू देत नाही. चहा सोडा असे आम्ही म्हणत नाही. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा, आणि न्याहारीला रात्रीची भाकरी शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खा.

तिसरी गळती डब्यातल्या 'ताकदीच्या' पावडरींची. त्यांत बहुतेक करून माल्ट आणि साखरच असते. नाचणी, मूगडाळ आणि शेंगदाणे भाजून घरी दळून आणा. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तेवढ्याच दुधात १२० च्या आसपास. हे पीठ सहा महिन्यांवरच्या बाळालाही शिजवून देता येते. त्याआधी बाळाला फक्त आईचे दूध.

चौथी गळती मोजून-मापून घेण्याची. रोजची मजुरी, म्हणून रोजची खरेदी. पाव किलो डाळ, पन्नास-शंभर ग्रॅम तेल. असे घेताना किलोमागे जास्त पैसे जातात. यावर उपाय पुढे सांगतो.

स्वस्त पण कसदार

डाळ किंवा कडधान्य माणशी रोज निदान एक मूठ, कोरडे मोजून. तूरडाळ महाग झाली तर मसूर, मटकी, चवळी, हरभरा यांतले जे स्वस्त ते घ्या. मटकी-हरभऱ्याला मोड आणले की ती पचायला हलकी होतात. सोयाबीनच्या वड्यांत शंभर ग्रॅमला पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. मूठभर वड्या भिजवून, पिळून रश्श्यात टाकल्या की पाच माणसांची भाजी कसदार होते.

आपल्या आया-आज्यांनी सुकट, जवळा, बोंबील यांवर घरे सांभाळली. ते गरिबीचे खाणे म्हणून लाजायचे कारण नाही. प्रथिने आणि कॅल्शियम यांत भरपूर आहे. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी गरम पाण्यात दोनदा धुऊन घ्यावे, मीठ बरेच उतरते. कोंबडीची कलेजी-पेटा मटणापेक्षा खूपच स्वस्त मिळतो आणि कलेजीत लोह चांगले असते. पंधरा दिवसांतून एकदा आणली तरी पुष्कळ. गरोदर बाईने मात्र डॉक्टरांना विचारूनच कलेजी खावी.

भाजी बाजार उठताना घ्या, भाव उतरलेला असतो. मुळ्याचा आणि फुलकोबीचा पाला अनेक ठिकाणी फुकट मिळतो, शेवग्याचा पाला वस्तीतल्या झाडावर असतो. शहरात नाल्याच्या पाण्यावरही पालेभाजी पिकते, म्हणून तीन पाण्यांतून धुऊन, शिजवूनच खा. वर लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागते. गहू-तांदळाबरोबर आठवड्यातून दोन-तीन दिवस बाजरी-ज्वारीची भाकरी ठेवा; तांदळापेक्षा बाजरीत लोह कितीतरी जास्त आहे.

तेलात हात आवरा. पाच माणसांच्या घराला महिन्याला तीन-साडेतीन लिटर पुरे होते. सुटे तेल स्वस्त दिसले तरी घेऊ नका, भेसळीची भीती असते.

रेशन सोडू नका

अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. तरीही घरात आलेली सून आणि जन्मलेले बाळ यांची नावे वर्षानुवर्षे कार्डावर चढत नाहीत. पाच किलो दर महिन्याला, असा वर्षाचा साठ किलोंचा हिशेब करा म्हणजे एका नावाची किंमत कळेल. तहसीलच्या पुरवठा शाखेत किंवा शहरातल्या शिधावाटप कार्यालयात अर्ज द्या. घरातल्या सगळ्यांचे ई-केवायसी झाले का तेही बघा. दुकानात अंगठा दिल्यावर मशीनची पावती मागा, पावतीवर जेवढे किलो तेवढे पिशवीत आले का ते तपासा. कमी भरले तर १९६७ या नंबरवर तक्रार करता येते. कामासाठी दुसऱ्या शहरात गेलात तरी त्याच कार्डावर तिथे धान्य उचलता येते.

रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळे दिसतात, पाण्यावर तरंगतात. 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून बायका ते निवडून टाकतात. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून केलेले दाणे आहेत. टाकू नका. घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा रुग्ण असेल तर तेवढे डॉक्टरांना विचारून घ्या. काही घरे हा तांदूळ कवडीमोलाने विकतात आणि दुकानातून महाग तांदूळ आणतात. त्यापेक्षा उडीदडाळ घालून दळा; आंबोळ्या, घावन, धिरडी चांगली होतात.

अंगणवाडीचा आहार हाही हक्कच आहे. गरोदर आणि स्तनदा माता, तसेच सहा महिने ते तीन वर्षांची मुले यांना तो घरी न्यायला मिळतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथेच गरम जेवण मिळते.

आठ घरांची एक खरेदी

चौथ्या गळतीवर हा उपाय. भिशी आपण चालवतोच. तशीच किराण्याची भिशी करा. सात-आठ बायकांनी आठवड्याला ठरावीक रक्कम जमवायची, महिन्यातून एकदा घाऊक बाजारातून डाळ, शेंगदाणे, कडधान्य आणायचे आणि विहारात किंवा समाजमंदिरात वजन करून वाटायचे. दोघींनी बाजारात जायचे, तिसरीने वही सांभाळायची. पावती सगळ्यांना दाखवायची, म्हणजे कुरबुर होत नाही.

ताट वाढताना

सगळी बचत केली आणि बाई शेवटी उरलेसुरले खाऊन उठली, तर रक्तक्षय घरातच राहतो. पाच अंडी आणली तर एक तिचे. मटणाचे तुकडे मुलाला आणि रस्सा मुलीला, असे वाढू नका. पाळी सुरू झालेल्या मुलीला लोहाची गरज जास्त असते. ज्यांचे हिमोग्लोबिन फार खाली आहे त्यांना नुसते अन्न पुरत नाही. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात, त्या लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको.

या महिन्यात एवढेच करा. एक वही घ्या आणि तीस दिवस खाण्यावर गेलेला प्रत्येक रुपया लिहा, पुडीचाही. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्या. पुढच्या महिन्यात मजुरी हातात आली की पहिली खरेदी डाळ, शेंगदाणे आणि अंड्यांची करा, बाकीचे त्यानंतर.