दाराबाहेरचा सूर

आषाढी जवळ आली की तुकोबांची पालखी अकलूजहून माळीनगर, श्रीपूर, बोरगाव करत पंढरीकडे सरकते. श्रीपूर हे साखर कारखान्यांचं गाव. वारीत रस्त्याकडेला चहा-फराळाचे मांडव पडतात आणि भोंग्यातून 'पाऊले चालती पंढरीची वाट' लागतं. आवाज प्रल्हाद शिंदे यांचा. 14 एप्रिलला, बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीला, निळे झेंडे लागतात, तेव्हा भीमगीतांतूनही हाच आवाज ऐकू येतो. एका गळ्यात या दोन वाटा कशा मावल्या, हे समजून घ्यायला आधी मंगळवेढ्याला आणि मग थेट अमेरिकेच्या दक्षिणेत जावं लागतं.

शिंदे घराण्याचं नाव मंगळवेढ्याशी जोडलेलं आहे. याच मंगळवेढ्यात 1338 साली गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली आणि अस्पृश्य मानले गेलेले संत चोखोबा गेले. त्यांची समाधी पंढरपुरात आहे, तीही महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीजवळ. त्यानंतर सहाशे वर्षांनी, 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी दहा दिवस उपोषण केलं, तेव्हा कुठे विठ्ठलमंदिराचं दार दलितांना उघडलं. प्रल्हाद शिंदे यांचा जन्म 1933 चा. दार उघडलं तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. ज्या समाजाला ते दार बंद होतं, त्याच समाजातल्या गायकाच्या आवाजात आज महाराष्ट्र विठ्ठलाला हाक मारतो.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीताची गोष्ट याच मातीची वाटते. गुलामी संपली, पण अपमान संपला नाही. त्या दुःखातून ब्लूज आलं आणि चर्चमधल्या गाण्यातून गॉस्पेल. 'जॉर्जिया टॉम' या नावाने ब्लूज वाजवणाऱ्या थॉमस डॉर्सी यांनी ब्लूजचाच ताल प्रार्थनेत आणला, तेव्हा अनेक चर्चवाल्यांनी नाकं मुरडली. पुढे गायक सॅम कुक गॉस्पेल सोडून लौकिक गाण्याकडे वळले. उलट गायिका महालिया जॅक्सन यांनी ब्लूज गायला कायम नकार दिला, आणि 28 ऑगस्ट 1963 ला वॉशिंग्टनच्या नागरी हक्कांच्या मोर्चात त्या गॉस्पेलच गायल्या. चर्चमधला आर्त सूर प्रेमगीतात उतरला, त्याला 'सोल' हे नाव मिळालं. धर्मोपदेशकाची मुलगी अरीथा फ्रँकलिन सोलची राणी झाली आणि 1972 च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये पुन्हा गॉस्पेल ध्वनिमुद्रित करायला आली. त्याच वर्षी मुंबईत दलित तरुणांची 'दलित पँथर' ही संघटना उभी राहिली. नाव घेतलं ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून. दोन्ही समाजांमधलं हे नातं त्याहून जुनं आहे. बाबासाहेबांनी 1946 मध्येच कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं.

फरकही मोठा आहे. तिथे चर्च त्यांचं स्वतःचं होतं. इथे देऊळच परकं. म्हणून इथला सूर देवळात न घडता गाण्यांतून प्रबोधन करणाऱ्या जलशाच्या फडात, कव्वालीच्या मुकाबल्यात आणि जयंतीच्या मंडपात घडला. भीमराव कर्डकांच्या जलशांनी बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला. सिन्नरजवळच्या देशवंडीत 1922 साली जन्मलेल्या वामनदादा कर्डकांनी तो हजारो गाण्यांत बांधला.

गाण्याची घडण मात्र दोन्हीकडे सारखी. भीमगीत कान देऊन ऐका. ढोलकीची शाईची बाजू खणखणते, दुसरी घुमते. गायक ओळ टाकतो, कोरस ती उचलतो. गायक पुन्हा तीच ओळ वेगळ्या वळणाने, चढ्या पट्टीत म्हणतो, आणि टाळ्या ठेका धरतात. गॉस्पेलमध्येही असंच चालतं: एकाची हाक, सगळ्यांचा हुंकार. ऐकणारा तिथे नुसता श्रोता राहत नाही. प्रल्हाद शिंदे विठ्ठल आणि भीम, दोन्ही मनापासून गाऊ शकले, कारण त्यांच्या गाण्याचं मूळ या समूहाच्या हाकेत होतं. ते 2004 मध्ये गेले. मुलगे आनंद आणि मिलिंद यांनी तो आवाज कॅसेटच्या जमान्यात घराघरांत नेला, नातू आदर्शने सिनेमात.

अमेरिकेत या संगीताची आठवणही जपली गेली. मेम्फिसमध्ये एका जुन्या सिनेमागृहात सोल गाणी काढणाऱ्या 'स्टॅक्स' कंपनीचा स्टुडिओ होता. कंपनी 1975 मध्ये बुडाली, इमारतही पुढे पाडली गेली. पण 2003 साली त्याच जागी सोल संगीताचं संग्रहालय उभं राहिलं. गायकांसोबत वादक, गीतकार, तंत्रज्ञ यांचीही आठवण तिथे जपली आहे. आपल्याकडे 'पाऊले चालती' सगळ्यांना पाठ आहे, पण गीत दत्ता पाटलांचं आणि संगीत मधुकर पाठकांचं, हे किती जणांना सांगता येईल?

श्रीपूर, अकलूज, मंगळवेढ्याच्या घरांत जुन्या कॅसेटी अजून असतील. त्या भंगारात देण्याआधी वेष्टनावरचं प्रत्येक नाव वहीत उतरवून घ्या: गीतकाराचं, कोरसचं, ढोलकीवाल्याचं. आणि गावात जलशात वाजवलेलं कुणी म्हातारं माणूस असेल, तर या दिवाळीत त्यांच्याजवळ बसून त्यांचं गाणं ध्वनिमुद्रित करून ठेवा.