शोषखड्डा म्हणजे टाकी नव्हे
गच्चीवरून उतरणारे पाइप अंगणातल्या शोषखड्ड्याला (पाणी जमिनीत मुरवण्यासाठी दगडगोटे भरलेला खड्डा) जोडताना, खड्डा मोठा असला की पुरे, असा सर्रास समज दिसतो. १०० चौरस मीटर गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस झाला, तरी जवळपास १,००० लिटर पाणी खाली येते. खड्डा ते थोडा वेळ धरून ठेवतो. मुरवते ती भोवतालची जमीन. घट्ट मातीच्या कुंडीत ओतलेले पाणी वरच साचून राहते, तसेच हे आहे. मुरमात पाणी लवकर जिरते. काळी माती मात्र ओली झाली की फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि मोठा खड्डाही तुंबतो. म्हणून आधी लहान खड्ड्यात पाणी भरून ते किती वेळात उतरते हे जरूर पाहावे. शोषखड्डा घराच्या पायापासून दूर घ्यावा आणि त्याआधी गाळ बसण्यासाठी छोटे चेंबर बांधावे.