अमेरिका फक्त सहा तासांवर?

लेकीचं बाळंतपण न्यूयॉर्कला आणि आई लातूरला! अशी घरं आता गावोगाव आहेत. जावईबापू तिकीट काढून पाठवतात आणि आई आधी वेळ बघते. मुंबईहून रात्री दोनला निघायचं, सकाळी आठला न्यूयॉर्क. "अगंबाई, सहाच तास? लातूरहून मुंबईला यायला याहून जास्त लागतात!"

नाही हो मैत्रिणींनो. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि थंडीत साडेदहा. (तिकडे मार्चमध्ये घड्याळ तासभर पुढे करतात, नोव्हेंबरमध्ये पुन्हा मागे. आपल्याकडे हा उद्योग नाही, बरंच आहे!) म्हणजे जूनमध्ये तिथे सकाळचे आठ वाजतात, तेव्हा इथे संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. आता मोजा. झाले की नाही साडेपंधरा तास? तेही थेट विमान असेल तर. वाटेत दुबईला किंवा लंडनला विमान बदलायचं असेल, तर वीस-बावीस तास सहज जातात.

अंतर आहे साधारण साडेबारा हजार किलोमीटर. मुंबई-नागपूरचा समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, त्याच्या जवळजवळ अठरा पट! नातवंडांचा पृथ्वीचा गोल घरात असेल तर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून बघा. तो सरळ पश्चिमेला जातच नाही, वर फिनलंड, नॉर्वे, आइसलंडवरून जातो. गोलावर तोच जवळचा रस्ता. विमान मात्र वारा आणि बंद असलेल्या हवाई हद्दी बघून वाट बदलतं. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, म्हणून जाताना वेळ जास्त लागतो आणि येताना तास-दीड तास वाचतो.

हा हिशेब कशाला, तर गोळ्यांसाठी. बीपीची गोळी सकाळी आठला घेण्याची सवय असेल, तर नेमके कुठले आठ धरायचे? इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर हा प्रश्न अंदाजावर सोडूच नये. डॉक्टरांना तिकीटच दाखवा आणि आपल्या घड्याळाप्रमाणे कधी काय घ्यायचं ते कागदावर लिहून घ्या. औषधं चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नकोत.

दुसरी गोष्ट पायांची. चार तासांपेक्षा जास्त बसून प्रवास केला की पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये सांगितलं होतं. तसा तो धोका थोडाच, पण इथे पंधरा तास आहेत! खिडकीचा मोह सोडा, कडेची जागा मागा. अधूनमधून उठून चाला, बसल्या बसल्या घोटे फिरवा. बाथरूमला जावं लागेल म्हणून पाणी न पिणाऱ्या आपल्यात खूप जणी आहेत, ते तर अजिबात नको.

गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवायला लेकीला सांगा. विमान बदलायचं असेल तर मध्ये निदान तीन तास हवेत, हेही तिला आत्ताच बजावा.