मूर्तिजापूरचं जंक्शन : कापसानं आणलं, कापसानंच सोडलं

कास्तकार बंधूंनो, मुंबई-नागपूर मार्गावरच्या मूर्तिजापूर स्टेशनात मोठ्या गाड्या येतात-जातात. पण तिथंच अडीच फुटी रुळांचं जे दुसरं स्टेशन होतं, तिथं आता इंजिनाची शिट्टी वाजत नाही. तिथून एक फाटा कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जायचा, ११३ किलोमीटर. दुसरा दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरला, ७६ किलोमीटर. एकूण १८९ किलोमीटरची ही आपली शकुंतला. दोन्ही फाटे बंद पडले आणि चार जिल्ह्यांना सांधणारं जंक्शन नावापुरतं उरलं. ते का बंद पडलं, हे आज समजून घ्यायला हवं. कारण नवे रूळ मागायची वेळ आता आपलीच आहे.

गाडी माणसांसाठी नव्हतीच

१८५३ साली वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आपल्या पऱ्हाटीवर पडली. १८६७ मध्ये जीआयपी रेल्वे नागपूरला पोचली. पण ती गेली एका पट्ट्यातून. कारंजा, दारव्हा, दर्यापूरकडचा कापूस बंडीनंच स्टेशनावर आणावा लागे, आणि पावसात काळ्या मातीतून बंडी काढणं काय असतं हे तुम्हाला सांगायला नको.

म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या कंपनीच्या व्यवस्थेखालच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीनं हे छोटे रूळ टाकले. रूळ हलके, पूल लहान, भराव कमी, म्हणजे खर्चही कमी. गाडी चालवायची जीआयपीनं, पुढे मध्य रेल्वेनं. उत्पन्नातला वाटा कंपनीला.

स्वस्त रूळ महाग पडले

छोट्या रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, मोठ्या रुळांमधलं १६७६. छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळावर चढत नाही. त्यामुळं कारंज्याहून आलेली प्रत्येक गाठ मूर्तिजापूरला उतरवायची आणि पुन्हा मोठ्या डब्यात चढवायची. यावर हमालांची चूल पेटली, जंक्शनला रौनक आली. पण हमाली दोनदा, वेळही दोनदा. पुढं रस्ते झाले, ट्रक आले. ट्रक जिनिंगच्या दारातून माल उचलतो आणि थेट गिरणीच्या दारात टाकतो. मग मधल्या चढ-उताराचा खर्च कोण करणार? माल गेला तशी गाडीची खरी कमाईही गेली.

उरले प्रवासी. मजूर, भाजीवाल्या बाया, बाजाराला जाणारे. एसटीपेक्षा तिकीट स्वस्त म्हणून गाडीला धरून राहिले. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून राबत होतं. ते १५ एप्रिल १९९४ रोजी काढून डिझेल जोडलं. इंजिन बदललं, रूळ मात्र तेच. वेग ताशी वीसेक किलोमीटर. कित्येक स्टेशनांवर माणूसच नाही. तिकीट गार्डानं द्यायचं आणि फाटकही गाडीवरच्याच माणसांनी उतरून उघडायचं-लावायचं.

बटईचं वावर

अजूनही पारावर लोक म्हणतात, ही गाडी इंग्रजांची. तसं नाही. किलिक निक्सन केव्हाच भारतीय मालकीची झाली. खरं दुखणं वेगळं होतं. रूळ कंपनीचे, गाडी सरकारची. बटईच्या वावराचा धुरा फुटला तर मालक म्हणतो वाहणाऱ्यानं बांधावा, वाहणारा म्हणतो मालकानं. तसं इथं झालं. मोठा पैसा घालायला कोणी पुढं आलं नाही, रूळ खचत गेले आणि शेवटी गाडी थांबली.

आता आपण काय करावं?

हे रूळ रुंद करण्याची घोषणा २०१६ साली झाली. दुसरीकडं वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मोठ्या मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. हा मार्ग यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद असा आखलेला आहे. यवतमाळ, दारव्ह्याची सोय त्या बाजूनं होईल. पण कारंजा, दर्यापूर, अंजनगावचं काय?

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी नुसता 'आमची शकुंतला द्या' असा ठराव करू नये. आपल्या भागातून वर्षाला किती कापूस, सोयाबीन, तूर, संत्रा बाहेर जातो आणि किती खत आत येतं, याचे बाजार समितीकडून आकडे घ्या आणि ठरावाला जोडा. प्रवासी थांब्याबरोबर मालधक्का मागा. रूळ मोठे झाले तर मूर्तिजापूरची चढ-उतार संपेल आणि डबा थेट पुढं जाईल, हा मुद्दा ठासून लिहा.

दुसरं, तलाठ्याकडून गावनकाशावर रेल्वेची पट्टी पाहून घ्या. तिथं अतिक्रमण वाढलं तर उद्या काम अडेल आणि भांडण गावातच लागेल. जुन्या भरावाखालच्या मोऱ्या बुजल्या असतील, पाणी वावरात तुंबत असेल, तर पावसाळ्याआधी रेल्वेकडं लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

शंभर वर्षांपूर्वी रूळ आले ते गाठी मोजून आले. आठवणी मोजून रेल्वे येत नसते, बाप्पा. तेव्हा मोजणी कंपनीनं केली होती. यावेळी ती गावानं करायची आहे.