अळणी की गाजर-बिटाचा रस?

कोल्हापुरात घरी मटण शिजलं की पहिली वाटी अळणीची, आणि तीही घरातल्या लहानग्याला नाहीतर आजारातून उठलेल्याला. हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवलेल्या मटणाचं हे पाणी. त्यात नारळाचं दूध आणि काजू-खसखशीचं वाटण पडलं की पांढरा रस्सा तयार! पण हल्ली रंकाळा तलावावर फिरून आल्यावर गाजर-बिटाचा रस घेणारेही कमी नाहीत. मग ताकद जास्त कशात?

माझ्या मते एकाचं काम दुसऱ्याला जमत नाही. गार झालेली अळणी थरथरते ती हाडा-कुर्च्यांतून उतरलेल्या जिलेटिनमुळे. हे प्रथिनच, पण अपुरं. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं. मुख्य प्रथिनं मटणाच्या तुकड्यांतच राहतात, म्हणून आजाऱ्याला सोसत असेल तर दोन मऊ तुकडेही द्याच. हाडांतलं कॅल्शियम पाण्यात फारच थोडं उतरतं. तंतू तर नाहीतच.

गाजरात बीटा-कॅरोटिन भरपूर. शरीर त्यापासून 'अ' जीवनसत्त्व बनवतं, आणि जेवणात थोडं तेल-तूप असेल तर हे कॅरोटिन चांगलं शोषलं जातं. १०० ग्रॅम गाजरात सुमारे २.८ ग्रॅम तंतू असतात. रस गाळला की बहुतेक चोथ्यात जातात, साखर मात्र ग्लासात उतरते. मधुमेहींनी कोशिंबीरच खावी. रक्तदाब असेल तर अळणीत मीठ बेतानं घाला. मूत्रपिंडाचा विकार असेल तर अळणीतलं मीठ आणि गाजर-बिटातलं पोटॅशियम, दोन्हींचा प्रश्न येतो. आधी डॉक्टरांना विचारा.

आमच्याकडे अळणीच्या वाटीशेजारी लिंबू पिळलेली गाजराची कोशिंबीर असतेच.