शेजार न उठवता गिटार!

हदगावसारख्या तालुक्याच्या गावी रात्री दहानंतर इलेक्ट्रिक गिटार वाजवायची म्हणजे शेजारधर्मावर पाणीच सोडायचे! भिंतीला भिंत लागलेली घरे. एका घरात फोडणी पडली की दुसऱ्या घरात ठसका लागतो. तरीही माझ्या पुतणीने गेल्या पावसाळ्यात चार गाण्यांची गिटार घरातल्याच एका खोलीत ध्वनिमुद्रित केली आणि शेजारच्या आजींची झोप एकदाही मोडली नाही.

ही किमया कशी, ते पाहण्यासारखे आहे. इलेक्ट्रिक गिटारला सतारीसारखा भोपळा नसतो. तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. तार थरथरली की वेटोळ्यात क्षीण विद्युत्संकेत उमटतो. त्याला मोठा आवाज देतो तो अँप्लिफायर. या वाद्याचा भोपळा वेगळ्या खोक्यात ठेवलेला असतो म्हणा ना!

हा खोका मोठा मानी. लंडनच्या जिम मार्शल यांच्या दुकानात 1962 साली जन्मलेला प्रसिद्ध अँप्लिफायर व्हॉल्व्हवर चालणारा होता. व्हॉल्व्हला ताकदीबाहेर रेटले की ध्वनिलहरींचे शेंडे चेपले जातात आणि रॉक संगीताचा तो खरखरीत, भरदार नाद निघतो. पण रेटायचे म्हणजे आवाज चढवायचा; शेजारी आडवे येतात ते येथेच.

आता हा सारा व्यवहार गणिताने होतो. व्हॉल्व्ह कोठे चेपतो, स्पीकरची पेटी कोणता स्वर उचलून धरते, याची आकडेमोड सॉफ्टवेअर करते. दणका घुमतो तो फक्त हेडफोनमध्ये. अमेरिकेच्या लाइन सिक्स कंपनीने 1998 साली राजम्याच्या दाण्याच्या घाटाचे ‘पॉड’ हे लाल यंत्र काढले, आणि 2002 साली इटलीतून ‘अँप्लिट्यूब’ हे सॉफ्टवेअर आले. आज ‘न्यूरल अँप मॉडेलर’ तर फुकट मिळते.

“पण खर्च किती?” गृहिणींचा हा प्रश्न रास्तच आहे. घरात संगणक असेल तर गिटारखेरीज एक ऑडिओ इंटरफेस आणि बरासा हेडफोन, एवढ्यावर भागते. गिटारची वायर इंटरफेसच्या ‘इन्स्ट्रुमेंट’ लिहिलेल्या खाचेतच घालावी. नाही तर आवाज मिणमिणता येतो. तार छेडल्यापासून नाद कानी पडेपर्यंत दहा सहस्रांश सेकंद गेले, तर तो अकरा फुटांवरच्या स्पीकरमधून आल्यासारखा वाटतो. विलंब याहून फार वाढला की ताल सुटतो. तेव्हा ‘बफर’चा आकडा उतरवावा, मात्र कडकड ऐकू येऊ लागली की थोडा चढवावा. आणि मुद्रण नेहमी कोऱ्या आवाजाचे करावे. अँप्लिफायर मागाहून हवा तेव्हा बदलता येतो. कापड एकदा घेतले की शिवण पुढे ठरवावी, तसेच.

आमच्या दादांना, म्हणजे मुलीच्या वडिलांना, हे पटेना. “ही शेवटी नक्कलच! खरे शिकायचे तर पुण्या-मुंबईला जावे लागेल, आणि तेवढी आपली ऐपत नाही,” म्हणून ते गिटारच बंद करायला निघाले होते. पुतणीने हळूच विचारले, “बाबा, तुम्ही पहाटे अभंगाचा रियाज मोबाइलमधल्या तंबोऱ्यावरच करता ना?” दादा काही बोलले नाहीत, पण गिटारही बंद झाली नाही.

बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी 1979 साली इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. म्हणून मिरजेचे कारागीर काही भोपळा कोरायचे थांबले नाहीत. उलट 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. अस्सल खोक्याचा मान राहीलच. पण तो विकत घेण्याची ऐपत नाही, वा वाजवायला जागा नाही, एवढ्यासाठी घरातल्या मुलामुलींचे वाद्य माळ्यावर जाऊ नये. मार्शलचा नाद संगणक उसना देईल. मींड मात्र ज्याची त्यालाच घोटावी लागते, आणि त्यासाठी रात्रीचा एक तास निर्वेध मिळाला तरी पुष्कळ झाले.