जाहिराती कापल्या की चित्र बिघडतं? घरच्या डीव्हीडींबद्दलचे गैरसमज

दुबईचं घड्याळ भारताच्या दीड तास मागे चालतं. आपली रात्री आठची मालिका तिथे साडेसहाला लागते आणि त्या वेळी शारजाला परतणारा माणूस अजून अल इत्तिहाद रोडच्या गर्दीत अडकलेला असतो. रविवारच्या कार्यक्रमांची तर आणखी पंचाईत होती. अमिरातीत शनिवार-रविवारची सुट्टी जानेवारी २०२२मध्ये सुरू झाली. त्याआधी सरकारी सुट्टी शुक्रवार-शनिवारची असे, म्हणजे रविवार हा कामाचा दिवस. त्यामुळे बर दुबई, करामा किंवा शारजातल्या मराठी घरात आधी व्हीसीआर आणि नंतर डीव्हीडी रेकॉर्डर ही चैन नव्हती. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ असो की कार्तिकी गायकवाड जिंकली ते २००९चं ‘सारेगमप लिटल चॅम्प्स’, कामावरून आल्यावर बघायचं तर आधी रेकॉर्ड करून ठेवावं लागे.

या डीव्हीडींवर कार्यक्रमांसोबत जाहिरातीही आहेत. त्या काढाव्यात असं अनेकांना वाटतं, पण ऐकीव गोष्टींमुळे कोणी हात लावत नाही आणि कोणी घाईघाईत मूळ रेकॉर्डिंगच खराब करून बसतं.

सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, ‘जाहिराती काढल्या की क्वालिटी जाते.’ कापण्यामुळे क्वालिटी जात नाही. ती जाते कापल्यानंतर सगळा व्हिडिओ नव्याने कॉम्प्रेस केल्यामुळे. व्हिडिओ एडिटिंगची बहुतेक सॉफ्टवेअर सेव्ह करताना हे न विचारता करतात. डीव्हीडीवरचं चित्र एमपीईजी-२ पद्धतीने आधीच दाबलेलं असतं. ते उलगडून पुन्हा दाबलं की बारकावे पुसले जातात. मंचावरच्या दिव्यांभोवती चौकोन दिसू लागतात, साडीचा काठ फिसकटतो.

नव्याने कॉम्प्रेस न करता कापता येतं, फक्त कुठे कापायचं हे कळायला हवं. भारत आणि अमिरात दोन्हीकडे पाल पद्धत, म्हणजे सेकंदाला २५ चित्रं. पण डीव्हीडीवर प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलं नसतं. साधारण १२ ते १५ चित्रांच्या गटात एकच चित्र स्वयंपूर्ण असतं, त्याला आय-फ्रेम म्हणतात. बाकीच्या चित्रांत फक्त आधीच्या किंवा पुढच्या चित्रापेक्षा काय बदललं एवढीच नोंद असते. ब्रेकनंतरचा तुकडा गटाच्या मध्येच सुरू केला तर त्या नोंदींना आधार उरत नाही आणि पडद्यावर क्षणभर चौकोनांचा चिखल होतो. ‘कापल्यावर चित्र फुटतं’ म्हणतात ते हेच. एव्हिडिमक्स या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चित्राखालीच फ्रेमचा प्रकार लिहून येतो. ब्रेक संपण्याच्या लगेच आधीची आय-फ्रेम शोधायची, तिथून तुकडा सुरू करायचा आणि व्हिडिओ व ऑडिओ दोन्हींपुढे ‘कॉपी’ हा पर्याय ठेवायचा. मग मूळ चित्राला धक्का लागत नाही. साधारण अर्ध्या सेकंदाचा फरक राहतो, एखाद्या जाहिरातीचं शेपूट दिसतं. ते दिसू द्यावं. त्या अर्ध्या सेकंदासाठी दोन तासांचं रेकॉर्डिंग पुन्हा कॉम्प्रेस करणं हा वाईट सौदा आहे.

‘आवाज पुढेमागे होणारच’ हेही अर्धसत्य. पालचं एक चित्र ४० मिलिसेकंदांचं असतं, तर डॉल्बी आवाजाचा एक तुकडा ३२ मिलिसेकंदांचा. दोघांच्या कडा क्वचितच जुळतात. प्रत्येक ब्रेकला उरणारा हा फरक सॉफ्टवेअरने हिशेबात धरला नाही, तर तो साठत जातो आणि शेवटच्या भागात ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. चित्र आणि आवाज वेगवेगळ्या फायलींत काढून स्वतंत्रपणे कापणाऱ्यांवर ही वेळ हमखास येते. दोन्ही एकत्र ठेवूनच कापावं.

डीव्हीडी कॉम्प्युटरवर उघडली की मोठ्या व्हीओबी फायली दिसतात. एक फाइल म्हणजे एक भाग, असं समजून लोक त्या सुट्या सुट्या कापतात. ही विभागणी भागांनुसार नसते. फाइल एक जीबीच्या पुढे जाऊ नये म्हणून रेकॉर्डिंगचे केलेले ते सलग तुकडे असतात, त्यामुळे सांधा एखाद्या संवादाच्या मध्येही येतो. सगळ्या फायली ओळीने जोडून घ्याव्यात आणि मगच कापायला बसावं.

रेकॉर्डरच्या रिमोटवरून जाहिरात ‘डिलीट’ केली म्हणजे जागा मोकळी झाली, हा समज डीव्हीडी-आरच्या बाबतीत पूर्ण चुकीचा आहे. ती एकदाच लिहिता येते. पुसल्यासारखा वाटणारा भाग फक्त यादीतून जातो, जागा अडलेलीच राहते. जागा खरोखर वाचवायची तर जाहिराती कॉम्प्युटरवर काढून नवी डीव्हीडी लिहावी लागते. भारतात वाहिन्यांना तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे : १० मिनिटं जाहिरातींची, दोन स्वतःच्या कार्यक्रमांच्या प्रचाराची. त्या हिशेबाने अर्ध्या तासाच्या भागात २४ मिनिटं मालिका असते. दोन तासांच्या डीव्हीडीवर जिथे चार भाग मावत, तिथे पाच मावतात.

जाहिराती आपोआप ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये. ती काळी चित्रं, क्षणभराची शांतता, कोपऱ्यातला वाहिनीचा लोगो गायब होणं अशा खुणा शोधतात. स्पर्धेच्या कार्यक्रमात निकालाआधी दिवे मालवून मंचावर अंधार केला जातो, तोही त्यांना ब्रेक वाटू शकतो. आणि चित्र आकसून खाली-बाजूला येणाऱ्या पट्टीतली जाहिरात कोणालाच कापता येत नाही, कारण ती चित्राचाच भाग झालेली असते.

आता कायदा. ‘रेकॉर्ड करणंच बेकायदा’ असं म्हणणारे भेटतात, तसेच ‘माझी डीव्हीडी, मी काहीही करीन’ म्हणणारेही. दोघंही चुकतात. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं ३९वं कलम प्रसारणाचं स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेलं रेकॉर्डिंग हक्कभंग मानत नाही. अमिरातीत कॉपीराइटचा कायदा १९९२मध्ये आला, २००२मध्ये नवा झाला आणि सध्या २०२१चा लागू आहे. त्यातही स्वतःच्या बिगरव्यावसायिक वापरासाठी एक प्रत करण्याची मोकळीक आहे. पण जाहिराती काढलेली मालिका यूट्यूबवर टाकणं, प्रती करून विकणं किंवा मंडळाच्या कार्यक्रमात पडद्यावर दाखवणं या मोकळिकीत बसत नाही.

‘दुबईत रेकॉर्ड केलेली डीव्हीडी पुण्यात लागत नाही, रीजन वेगळा’ हेही खरं नाही. विकतच्या चित्रपटांसाठी अमिरात रीजन दोनमध्ये आणि भारत पाचमध्ये आहे, हे बरोबर. मात्र घरी रेकॉर्ड केलेल्या डीव्हीडीवर रीजनचं बंधन नसतंच. ती लागत नाही त्याचं नेहमीचं कारण म्हणजे ती फायनलाइज केलेली, म्हणजे इतर प्लेअरला वाचता येईल अशी पूर्ण करून बंद केलेली नसते. तोवर ती बहुधा ज्या रेकॉर्डरवर तयार झाली त्यावरच चालते. रेकॉर्डर बंद पडला की ती वाचणं अवघड होऊन बसतं.

डीव्हीडी कायम टिकते, हा तर सर्वांत महागात पडणारा गैरसमज. घरी लिहिलेल्या डीव्हीडी-आरमध्ये माहिती सेंद्रिय रंगाच्या थरात असते. ऊन आणि उष्णता त्या रंगाच्या मुळावर येतात. अमिरातीत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि उभ्या गाडीत त्याहूनही वर. म्हणून जाहिराती काढण्याच्याही आधी अख्खी डीव्हीडी जशीच्या तशी हार्ड डिस्कवर उतरवावी आणि ती प्रत तशीच राहू द्यावी. कापाकापी करायची ती दुसऱ्या प्रतीवर. माझं तर मत आहे की न कापलेली प्रत कधीच पुसू नये. सोन्याच्या दुकानाची आणि गावी पैसे पाठवणाऱ्या एक्स्चेंजची जाहिरात आज नकोशी वाटते, पण परदेशातल्या त्या वर्षांची तेवढी खरी नोंद घरात दुसरी नसेल.

दुबई सोडून कायमचं परत येताना सामान विकायला काढतात, त्यात जुना रेकॉर्डरही जातो. तो देण्याआधी एकेक डीव्हीडी त्यात घालून बघा आणि जी फायनलाइज झालेली नसेल ती तिथेच करून घ्या.